मेपल नव्हे रे, अंबाडी!

नौपाडा, ठाणे
६ जानेवारी

प्रिय अव्या,

पैजेची मिसळ तुझ्याकडे लागली. मामलेदारची, तिखट, वर ताक. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत तू काहीतरी पळवाट शोधून ठेवशील.

दिवाळीत मागच्या बागेत उभा राहून, चहाचा कप कुंडीच्या काठावर टेकवून तू जे भाषण ठोकलंस, ते आमच्या घरात अजून सगळ्यांना पाठ आहे. "दिग्या, हा जपानी मेपल. क्योटोत असे शेकडो बघून आलोय मी!" पहिल्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे नाशिकला कायमच्या गेल्या, तेव्हा चौदा कुंड्या माझ्या गळ्यात घालून गेल्या, त्यातलीच ही एक. कुंडीत नावाची प्लास्टिकची पट्टी होती, पण उन्हानं शाई उडून ती पांढरीफटक पडलेली. तू गेल्यावर नातीनं आइस्क्रीमच्या काडीवर 'जपानी मेपल' लिहून खोचलं आणि खाली बारीक अक्षरात 'अव्या आजोबांनी ओळखला'.

खरं सांगू? मलाही तो मेपलच हवा होता. ठाण्यात, त्यातही नौपाड्यात, तळमजल्याच्या मागच्या पाच फुटांच्या पट्टीत जपानी मेपल! येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. मोबाइलमधल्या ॲपला एका पानाचा फोटो दिला, तर त्यानंही तुझीच री ओढली. मग वाचत सुटलो. थुनबर्ग नावाचा स्वीडिश माणूस, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा शिष्य, १७७५ मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. १७८४ मध्ये त्यानं या झाडाचं 'एसर पाल्माटम' हे नाव छापलं. पाल्माटम म्हणजे तळहातासारखा. जपान्यांना मात्र त्यात हात दिसला तो बेडकाचा. त्यांचा 'काएदे' हा शब्द 'काएरु-ते'वरून आलाय, म्हणजे चक्क बेडकाचा हात. मला हे भलतंच आवडलं.

पुढे वाचलं तसा घाम फुटला. या झाडाला हिवाळ्यात पानं गाळून काही आठवडे कडक थंडीत झोपावं लागतं, तेव्हा कुठे वसंतात कळ्या नीट फुटतात. आणि आपली थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर ठेवायचा, एवढीच. मग मी काय केलं असेल? रोज सकाळी फ्रिजमधल्या बर्फाच्या खड्यांचा अख्खा ट्रे कुंडीत ओतायला लागलो. बायको म्हणाली, "पेपरमिंटपण घाला दोन." शिवाय ऊन सोसायचं नाही म्हणून कुंडी जिन्याखाली सावलीत सरकवली. पंधरा दिवसांत लाल पानं हिरवट पडली आणि शेंडा उंटासारखी मान काढून उजेडाकडे वाकला.

पहिली शंका आली ती ढेकणामुळे. जास्वंदीवर दर वर्षी येतो ना, तो पांढरा पिठ्या ढेकूण, तो तिथून उठून थेट मेपलवर जाऊन बसला. मधे मोगरा, तगर, कढीपत्ता, कुणाला हात लावला नाही. पिठ्या काय, कशावरही चढतो, त्यावरून काही ठरत नाही. पण मनात आलं, याला काही गणगोत लागलंय की काय.

मग चष्मा लावून खाली बसलो आणि बांदोडकर कॉलेजमधली प्रॅक्टिकल्स आठवली. (माझ्या जर्नलवरून तू आकृत्या उतरवायचास, तेही आठवलं.) पान सोडून दे, पान कुठून फुटतं ते बघ, हे सरांनी किती वेळा सांगितलं होतं. मेपल कुठलाही असो, जपानी असो की हिमालयातला, त्याची पानं फांदीवर जोडीनं, समोरासमोर येतात. इथे एक डावीकडे, त्याच्यावर बोटभर अंतरानं दुसरं उजवीकडे. वरपासून खालपर्यंत सगळीकडे तसंच. खटला तिथेच निकालात निघाला, अव्या. तू हातात खुडलेलं पान धरून निवाडा दिलास आणि ॲपनंही तेच केलं. फांदीकडे कुणी बघितलंच नाही.

एकदा मेपल बाद झाल्यावर मग बाकीचं सगळं दिसायला लागलं. खालची पानं पाच बोटांची, मधली तीन बोटांची आणि शेंड्याकडे तर बोटंच नाहीत, साधी भाल्यासारखी. जूनमध्ये गुडघ्याएवढं असलेलं झाड दसऱ्याला माझ्या खांद्याला लागलं होतं. मेपल असला घाईचा नसतो. देठ मोडला तर पांढरा चीक नाही, म्हणजे टॅपिओका, साबुदाण्याचं झाड, तेही नाही. त्याचीही पानं अशीच पंजासारखी असतात. पान चुरगळलं तर बोटांना भेंडीसारखं बुळबुळीत लागलं. खालची एक फांदी कापून साल ओढली, तर हातभर लांब चिवट दोरा सुटून आला आणि मी एकदम आजोळी, परभणीकडे गेलो. आजोबा ओसरीवर बसून उघड्या मांडीवर दोरीसाठी वाख वळायचे, तो हाच.

अंबाडी! पानाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि आंबटपणानं डोळाच मिटला. (तू हे करू नकोस. अनोळखी पान तोंडात घालायचं नसतं, हे मला घरी बराच वेळ ऐकून घ्यावं लागलं.)

आपल्या भाजीवाल्या अंबाडीची ही सख्खी चुलत बहीण. नाव हिबिस्कस ॲसिटोसेला, ॲसिटोसेला म्हणजे जराशी आंबट. दोन रानजास्वंदींच्या संकरातून आफ्रिकेत झालेली, आणि त्या दोघींतल्या एकीचं नाव सुरतेवरून पडलंय, सुरॅटेन्सिस. तिकडे हिची पानं भाजीत घालतात. इकडे शोभेचं झाड म्हणून विकतात आणि पान बघून कुणीतरी मेपल म्हणतो.

कुंडी पुन्हा उन्हात आणली. रंग परत आला. दिवस लहान झाल्यावरच ही फुलावर येते. डिसेंबरात कळ्या धरल्या. कळीच्या बुडाशी हिरव्या केसरांसारखी छदं, म्हणजे बारीक पानं असतात, भिंगातून बघितली तर प्रत्येकाचं टोक सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. पहिलं फूल आलं ते कोकमाच्या आगळासारखं, आत अजून गडद. अकराच्या सुमाराला उमललं आणि मी जेवून हात धुऊन येतो तो मिटलंसुद्धा. नातीला शाळेतून आल्यावर मिटलेलंच दाखवावं लागलं.

एवढा शोध लावल्यावर काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, तो मेपल नव्हता हो, अंबाडीतली होती. त्या म्हणाल्या, "मेपल म्हणूनच दिलं होतं रे नर्सरीवाल्यानं, साडेतीनशे घेतले. मी वरणात टाकायचे चार पानं, चिंचेऐवजी." मी म्हटलं, अहो, मग जाताना सांगायचं नाही का? तर म्हणे, "तू विचारलंस कुठे?"

तुझ्यासाठी दोन फांद्या पाण्यात ठेवल्यात, मुळं धरायला लागली आहेत. कोल्हापुरात उन्हात लाव, बर्फबिर्फ काही नको. भाजी बेतानं खा, या पानांत ऑक्झॅलिक ॲसिड असतं आणि तुझा मुतखडा मी विसरलेलो नाही. काडी अजून कुंडीतच आहे, नात बदलू देत नाही. तिनं मागच्या बाजूला 'अंबाडी' लिहून ती उलटी खोचलीय.

फेब्रुवारीत येतोयस ना? आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या कण्या मिळाल्या तर किलोभर आण. लसणाची फोडणी मी बघतो.

तुझा,
दिग्या