भोक पाडायला मीच, दंड भरायलाही मीच

माननीय बांधकाम मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पोटठेकेदार. मोठ्या इमारतींत वातानुकूलनाचे डक्ट बसवतो. मागच्या आठवड्यात माझ्या बिलातून उशिराचा दंड कापला, म्हणून हे पत्र. त्याच रुग्णालयाच्या कामाच्या शुभारंभाला आपण पडद्यावर रंगीत मॉडेल गरागरा फिरवून दाखवलं होतं. आधी संगणकात बांधू, मग जमिनीवर, तोडफोड होणारच नाही, असं म्हणाला होतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

तिसऱ्या मजल्यावर आमचा मुख्य डक्ट थेट बीमवर आदळला. मॉडेलमध्ये दिसत नव्हतं? दिसत होतं की! मॉडेलमध्ये कुठे काय एकमेकांवर आदळतंय याची, म्हणजे क्लॅशची यादी निघते; 4 महिन्यांपूर्वीच्या यादीत ते लाल रंगात होतं. पण यादी सल्लागाराच्या कपाटात, आणि माझा फिटर शिडीवर उभा, हातात 2 रिव्हिजन जुनं, घडीवर फाटलेलं ड्रॉइंग. बीमला हात लावता येत नाही, म्हणून डक्ट खाली घेतला. मग छताची उंची कमी पडली, मग स्प्रिंकलरचा पाइप सरकवला, मग पलीकडच्या स्लॅबला नवं भोक. रात्री 2 वाजता कोअर कटिंग. मशीनचं गढूळ पाणी खालच्या मजल्याच्या ताज्या पुट्टीवरून ओघळत होतं आणि पुट्टीवाला माझा उद्धार करत होता. त्याचं काय चुकलं? 13 दिवस गेले. 6 माणसं बसून होती, त्यांची हजेरी मी खिशातून दिली. पुढे गाडी विकली. आता साइटवर बसने येतो; उशीर झाला की गेटवरचा माणूसही घड्याळ दाखवतो.

वेळापत्रकाचं तर बोलायलाच नको. साइट ऑफिसात दारापासून खिडकीपर्यंत बार चार्ट लावलाय. त्यात माझं काम आहे, तारीख आहे. मला मात्र कुणी विचारलं नाही. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात साइटवर मोजून पाहिलं, तर आठवड्याला ठरवलेल्या कामांतली निम्म्याच्या आसपासच पुरी होत होती. आमच्याकडे निम्मी झाली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. त्यांनी काढलेली 'लास्ट प्लॅनर' पद्धत साधी आहे: जो काम करणार, त्यानेच शेवटची आखणी करायची. पुढचे 6 आठवडे समोर ठेवायचे. ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्र, जागा, आधीच्याचं काम, यातलं काय अडलंय ते आधी मोकळं करायचं आणि मगच शब्द द्यायचा. शब्द मोडला तर कारण शोधायचं, बकरा नाही. मॉडेल उघडायचं ते याच बैठकीत, म्हणजे लाल ठिपक्यासमोर नाव आणि तारीख पडते.

हे मी मनचं सांगत नाही. सॅक्स, कोस्केला आणि सहकारी संशोधकांनी 2010 साली असं मॉडेल आणि लीन (वाया जाणारं टाळून काम करायची पद्धत; लास्ट प्लॅनर त्यातलीच) यांचे 56 परस्परसंबंध मांडले. 4 सोडले तर सगळे एकमेकांना पूरक. आपल्या खात्याने नेमके ते 4 निवडलेले दिसतात.

पण खात्याला तरी किती बोलू? सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, प्रत्येकाचा करार वेगळा, चूक पहिल्यांदा दाखवेल त्याच्याच गळ्यात खर्च. मग कोण कशाला दाखवेल? आमच्याकडे ड्रॉइंगपेक्षा खुलाशाची पत्रं जास्त निघतात. निविदेत आयएसओ 19650, म्हणजे मॉडेलमधली माहिती कशी सांभाळायची त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, लिहिलं की काम झालं; मॉडेल म्हणजे शेवटच्या बिलाला जोडायचा कागद. फीत कापायला मात्र सगळे वेळेवर.

मागणी दोनच. क्लॅशची यादी सोमवारच्या बैठकीत उघडावी, आणि त्या बैठकीत पोटठेकेदाराला खुर्ची द्यावी. दंडाचंही बघा, जमलं तर.

चौथ्या मजल्यावरही डक्ट बीममधूनच जातोय. 3 वेळा लेखी विचारलं, उत्तर नाही. कोअर कटिंगवाल्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय.

आपला,
एक पोटठेकेदार