गाठीच्या लाकडाचं धनुष्य

पोर्ट्समथ,
९ नोव्हेंबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

डोळ्याची पट्टी निघेपर्यंत हे दादाकडून वाचून घ्या. लाकडाची गोष्ट आहे, फोनवर अर्धीच राहिली असती.

तुम्हाला फोटो पाठवला होता ते यू नावाच्या इथल्या झाडाचं लाकूड आठवतं ना? बघताक्षणी ‘ह्याचं काय होणार?’ म्हणाला होतात. त्याचं धनुष्य झालं. तीन शनिवारांत होईल असं वाटलं होतं, अकरा लागले.

यूची सालीलगतची पांढरी पट्टी ताण सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब. म्हणून बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, पांढऱ्या लाकडाची ठेवायची आणि आपल्याकडचं पोट गाभ्याचं. एकाच झाडात दोन्ही जोडूनच मिळतं. पण इंग्लंडातला यू गाठाळ. चांगलं लाकूड परदेशातून यावं म्हणून १४७२ साली इथे कायदाच केला होता की, येणाऱ्या जहाजांनी दर टन मालामागे धनुष्याची चार लाकडं आणायची. माझं लाकूड इथलंच. मधल्या मुठीपासून हातभर अंतरावर सुपारीएवढी गाठ आणि टोकाकडे पीळ.

पाठीवर वर्षाचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. ते कुठे तुटलं, तर धनुष्य तिथूनच उकलतं. ओढ्यातल्या दगडाभोवती पाणी फुगून वळावं, तसं ते वलय गाठीशी उचललं जातं. तिथे सपाट करायचा मोह आवरून उंचवटा तसाच ठेवला. नांगरासाठी तुम्ही मुद्दाम वाकडं बाभूळ शोधत फिरायचात, रेषा वाकणाबरोबर धावली पाहिजे म्हणून. ते दहा वेळा आठवलं. माझं धनुष्यही झाडासारखंच नागमोडी आहे, आणि मला ते तसंच आवडतं.

पोटाच्या बाजूला मात्र चुकलो. गाठीखाली रेषा उलटी फिरते हे लक्षात न घेता हत्यार जोरात ओढलं आणि नखाएवढी ढलपी खोल निघाली. दोरी लावून भिंतीवरच्या खुंटाला अडकवलं, कप्पीवरून ओढत लांबून पाहिलं, तर बाकी सगळं गोल आणि तिथे मात्र कोपर वाकल्यासारखा कोन. एकदा बारीक ‘टिक’ झालं. हात जागच्या जागी थांबला. दोरी सैल करून बोट फिरवलं, चीर नव्हती. पण कमजोर जागेत लाकूड परत घालता येत नाही, तिच्या मापाने बाकी सगळं उतरवावं लागतं. पुढचे पाच शनिवार त्यातच गेले. रंधा, कानस बाजूला ठेवून फुटक्या काचेने खरवडत बसलो, तुम्ही कुऱ्हाडीचा दांडा गुळगुळीत करायचात तसा. थोडं खरवडायचं, तीसेक वेळा हलकं ओढायचं, पुन्हा पाहायचं. जाडी केसभर उतरली तरी जोर बराच उतरतो.

दोरी पूर्ण ओढायला ११० पौंडांचा जोर लागेल असं करायचं होतं, म्हणजे साखरेचं एक पोतं तीन बोटांवर. १०० वर थांबलो, ४५ किलो. त्या दहा पौंडांची हळहळ अजून आहे. इथल्या संग्रहालयात ‘मेरी रोझ’ या जुन्या लढाऊ जहाजातली धनुष्यं आहेत. जहाज १५४५ साली इथल्याच समुद्रात बुडालं, १९८२ ला वर काढलं, आणि त्यातून १७२ धनुष्यं निघाली. बहुतेक साडेसहा फुटांच्या आसपास, आणि जाणकारांच्या अंदाजाने १०० पासून १८५ पौंडांपर्यंतची. काचेपलीकडच्या त्या लाकडांपुढे मी तासभर उभा होतो. तासणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, आबा. गावातल्या जुन्या गाड्यांवर तुमचं तरी कुठे आहे?

पाकिटात तांबूस ढलपी घालणार होतो, तुम्ही वास घेऊन जात ओळखली असती. पण यूचं लाकूड, पानं दोन्ही विषारी. भुसा उडतो म्हणून मीही तोंड बांधूनच काम करतो. गोठ्यात गाय आहे, म्हणून नाही घातली.

टोकांना शिंगाच्या खाचा बसवायच्या राहिल्यात. शिंग उकळून मऊ करावं की कोरडंच कोरावं, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावणार नाही. रविवारी फोन करतो. आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा