तक्रार: एकाच कोडखाली बदललेले ब्रेक पॅड आणि नवा म्हणून दिलेला जुना टायर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग,
पुणे विभागीय कार्यालय.

विषय: पुढच्या ब्रेकचे पॅड व एक टायर सदोष पुरवल्याबाबत, रक्कम परत मिळणे आणि इतर ग्राहकांना सूचना देणे याबाबत.

महोदय,

आमच्या महाविद्यालयाचा संघ बाहा एसएईइंडिया या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एक जण बसेल अशी ऑफ-रोड गाडी स्वतः बनवतो. यंदा संघात ब्रेक आणि चाकांचं काम माझ्याकडे आहे. आपल्या कंपनीकडून आम्ही पुढच्या ब्रेकचे पॅड आणि १० इंची रिमवर बसणारे २३ इंची चार टायर घेतले. पॅडच्या खोक्यावर आमच्या मागणीतलाच कोड होता, आतलं मटेरियल मात्र वेगळं निघालं. चार टायरपैकी एक २०१८ सालचा निघाला. परिणामी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या मैदानावर आमची गाडी पहिल्या ब्रेक टेस्टला नापास झाली आणि चार तासांची एन्ड्युरन्स (दमाची) शर्यत आम्हाला मध्येच सोडावी लागली. आपल्या कार्यालयाशी फोनवर आणि ईमेलवर बोलणं झालं. मिळालेली उत्तरं मूळ मुद्द्याला हात घालत नाहीत, म्हणून सगळा तपशील लेखी देत आहे.

आधी हे सांगायला हवं की आम्ही हा माल दुकानात हाताला लागला म्हणून उचललेला नव्हता. या स्पर्धेत आमच्या गटातल्या सगळ्या गाड्यांना ठरवून दिलेलं एकसारखं इंजिन वापरावं लागतं, त्यात बदल करता येत नाही. मग फरक पडतो तो वजनात, सस्पेन्शनमध्ये, गिअरमध्ये, टायरमध्ये आणि ब्रेकमध्ये. ब्रेकचा नियम तर फार स्पष्ट आहे: दोन स्वतंत्र हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारी) सर्किट हवीत आणि परीक्षकांसमोर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, म्हणजे ब्रेक दाबताच फिरायची पूर्ण थांबली पाहिजेत. ती झाली नाहीत तर ब्रेकचा स्टिकर मिळत नाही, आणि स्टिकर नसेल तर गाडी ट्रॅकवर उतरत नाही. वर्षभराची मेहनत त्या काही मीटरच्या अंतरावर अडू शकते.

आमची गाडी चालकासकट २५० किलोची आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर सुमारे १०५ किलो आणि मागच्या चाकांवर १४५ किलो भार येतो. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो. ०.७ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट) इतक्या मंदनाला, म्हणजे वेग कमी होण्याच्या दराला, आमच्या चाकांमधल्या अंतराच्या आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या हिशेबाने, ६२ किलोच्या आसपास भार पुढे जातो. म्हणजे पुढे १६७ आणि मागे ८३. थांबवण्याचं दोन तृतीयांश काम पुढच्या ब्रेकने करायचं असतं, आणि आपल्याकडून घेतलेले पॅड त्या पुढच्या ब्रेकचे होते.

टायरची निवड इथेच ब्रेकला येऊन मिळते. चांगली पकड असलेला टायर घेतला की ब्रेकचं काम सोपं होतं, असं बरेच जण धरून चालतात. लॉक करण्याच्या बाबतीत ते उलट आहे. टायरची जमिनीवरची पकड जितकी जास्त, तितकं ते चाक लॉक करायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. टायरचा व्यास वाढला तरी तेच होतं: २१ इंची टायर घेतला असता तर ब्रेकवरची मागणी सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाली असती, पण मग दगडगोट्यांवरून जाताना गाडीचं पोट जमिनीला लागलं असतं. म्हणून आम्ही २३ इंच ठरवलं. रिम १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर. त्याच्या आत डिस्कही मावायला हवी आणि डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपरही. डिस्क मोठी करून जोर वाढवण्याला जागाच उरत नाही. मग आमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा ठरतो तो पॅडचा घर्षणांक, म्हणजे पॅड डिस्कला किती घट्ट धरतो ते सांगणारा आकडा.

आपल्या प्रतिनिधींना हे सगळं माहीत होतं. ते आमच्या कार्यशाळेत आले होते, गाडी त्यांनी पाहिली होती, आमचं गणिताचं पान त्यांच्यासमोर टेबलावर होतं. त्यांनी आधी रेसिंग प्रकारचा पॅड सुचवला. आम्ही तो का नको म्हणालो हेही त्यांना सांगितलं होतं. असे पॅड तापल्यावर उत्तम चालतात, पण ब्रेक टेस्ट थंड ब्रेकवर होते. गाडी थोडं अंतर पळते, पेडल दाबलं जातं, तिथेच निकाल लागतो. दुसरीकडे एन्ड्युरन्समध्ये चार तास धूळ, चिखल आणि उष्णता. आम्हाला थंड असताना आणि तापल्यावर सारखाच वागणारा पॅड हवा होता. आपल्या यादीतला जो पॅड आम्ही निवडला त्याच्या कडेवर एसएई जे८६६ या, पॅडचा घर्षणांक अक्षरांनी दाखवणाऱ्या पद्धतीची ‘एफएफ’ ही अक्षरं होती. त्यातलं पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाच्या घर्षणांकाचं आणि दुसरं तापलेल्या अवस्थेतल्या घर्षणांकाचं. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. आम्ही मधला ०.४० धरला, सरावाच्या काळात तोच पॅड गाडीवर वापरला आणि गणित बरोबर आहे याची खात्री करून घेतली. मगच स्पर्धेसाठी त्याच कोडचा नवा माल मागवला.

आपण पाठवलेल्या नव्या पॅडवर अक्षरं आहेत ‘ईएफ’.

‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. मधला आकडा ०.३० धरला तर थंड अवस्थेत पुढच्या ब्रेकचा पाव हिस्सा जोर गेला. तेवढाच जोर परत मिळवायचा तर चालकाने पेडल एक तृतीयांश जास्त ताकदीने दाबायला हवं. तसं दाबलं की मागच्या सर्किटमधला दाबही वाढतो, कारण आमचा मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) टँडम, म्हणजे एकाच नळीत दोन कप्प्यांचा, आहे आणि दोन्ही सर्किटना सारखाच दाब मिळतो. मागे जुन्या लॉटचे ‘एफएफ’ पॅड होते. पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हावीत असा आम्ही बसवलेला सगळा तोल त्यामुळे उलटा झाला.

ब्रेक टेस्टला नेमकं तेच घडलं. आधी मागची चाकं लॉक झाली, गाडीचं शेपूट बाजूला गेलं. पुढचं उजवं चाक नंतर लॉक झालं. डावं शेवटपर्यंत फिरत राहिलं. उजवं आणि डावं वेगळं का वागलं, हे टायर काढून पाहिल्यावर कळलं. उजव्या टायरच्या बाजूवर ‘३११८’ हा आकडा आहे, म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. बाकीचे तिन्ही मागच्याच वर्षीचे आहेत. परत आल्यावर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शोअर ए मापकाने रबराचा कडकपणा मोजला (आकडा जितका मोठा, तितकं रबर कडक): जुना टायर ७४, नवे ६१ च्या आसपास. कडक झालेल्या टायरची पकड कमी, म्हणून कमजोर पॅडनेही ते चाक लॉक झालं. डाव्या बाजूच्या ताज्या टायरची पकड चांगली होती आणि तिथे हा पॅड पुरा पडला नाही. एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या वयाचे टायर असले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. उघड्या गाडीत चालक बसलेला असताना ही गोष्ट किती गंभीर आहे हे ब्रेकच्या व्यवसायात असलेल्या कंपनीला मी सांगायची गरज नसावी.

पिटमध्ये आम्ही पुढचे पॅड उतरवले आणि सरावातला जुना जोड बसवला. बाकी काहीही बदललं नाही. तेच टायर, तेच ब्रेक ऑइल, तोच चालक. चारही चाकं लॉक झाली आणि स्टिकर मिळाला. परीक्षकांच्या शेऱ्यांसह दोन्ही चाचण्यांचे व्हिडिओ आमच्याकडे आहेत.

मात्र तो जुना जोड बराच झिजलेला होता. ब्रेक टेस्ट एका पॅडवर द्यायची आणि शर्यतीला दुसरा बसवायचा, हे आम्हाला मान्य नव्हतं. ज्या ब्रेकने चाके लॉक करून दाखवली त्याच ब्रेकवर चालकाला पाठवणं हे आमचं कर्तव्य होतं. गाडी उतरली, चांगली पळाली, पहिल्या दोन तासांत आम्ही आमच्या अपेक्षेच्या पुढे होतो. तिसऱ्या तासात पॅडचं मटेरियल संपलं आणि मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागली. आवाज ऐकताच चालकाने गाडी आत आणली आणि आम्ही ती पुन्हा बाहेर सोडली नाही. या स्पर्धेत सर्वाधिक गुण एन्ड्युरन्सला असतात.

आता आपल्या उत्तरांबद्दल.

पहिलं उत्तर असं की आम्ही नवे पॅड नीट बेडिंग करून (डिस्कवर घासून बसवून) घेतले नसावेत. ते केलं होतं. मोकळ्या मैदानावर मध्यम वेगातून पुन्हा पुन्हा हळू ब्रेक लावून, मध्ये डिस्क थंड होऊ देत, डिस्कवर एकसारखा थर बसेपर्यंत. डिस्कचे फोटो सोबत जोडले आहेत.

दुसरं उत्तर, ब्रेक ऑइल उकळलं असेल किंवा सिस्टिममध्ये हवा असेल. ऑइल डॉट ४ आहे. त्याचा उत्कलनबिंदू ताज्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावरही किमान १५५ अंश असतो. बाटली स्पर्धेच्या आदल्या दिवशी उघडलेली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑइल उकळलं किंवा हवा शिरली तर पेडल मऊ पडतं आणि खाली जातं. आमचं पेडल कडक होतं, चालक पूर्ण ताकद लावत होता आणि तरीही चाक फिरत होतं. ही खूण पॅड कमी पडल्याची आहे. हे आपल्या तांत्रिक विभागाला निश्चित ठाऊक असणार.

तिसरं उत्तर मला सर्वात जास्त खटकलं: नवं मटेरियल ‘सुधारित’ आहे, त्यामुळे ग्राहकाला तोटा नाही. शहरातल्या मोटरसायकलसाठी ते कदाचित खरोखरच चांगलं असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मटेरियल बदलण्याचा कंपनीला अधिकार आहे. पण घर्षणांकाचा गट बदलला तर कोड बदलायला हवा, निदान खोक्यावर तसं छापायला हवं. ‘तुम्ही वापरण्यापूर्वी अक्षरं का तपासली नाहीत’ असं आपल्या प्रतिनिधींनी विचारलं. कोड असतोच मुळी त्यासाठी की गिऱ्हाइकाने प्रत्येक वेळी खोकं उघडून आतला माल नव्याने ओळखू नये. आम्ही कोड लिहून मागणी दिली, आपण तोच कोड बिलावर छापून पैसे घेतले.

चौथं, शर्यतीसाठीच्या वापराला वॉरंटी नाही. आम्ही झिजेची किंवा तुटण्याची भरपाई मागत नाही. मागवलेली वस्तू आणि दिलेली वस्तू वेगळी आहे, एवढंच आमचं म्हणणं आहे, आणि ते गाडी एक मीटरही चालवली नसती तरी तितकंच खरं राहिलं असतं. टायरबद्दल तर एकही उत्तर आलेलं नाही.

आमच्यासारख्या संघाचा पैसा कसा उभा राहतो तेही लक्षात घ्यावं. काही प्रायोजक, काही महाविद्यालय, बाकी मुलामुलींनी घरून आणलेले पैसे. दुसऱ्या कंपनीचा महागडा सेट घेऊन बाजूला ठेवण्याइतकी रक्कम कुणाकडे नसते. म्हणून निवड एकदाच आणि जपून केली जाते.

आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. नव्या पुढच्या पॅडची आणि २०१८ सालच्या टायरची पूर्ण किंमत, वाहतूक खर्चासह, परत मिळावी. या लॉटचा घर्षण चाचणीचा अहवाल आम्हाला द्यावा आणि मटेरियल कधीपासून बदललं ते लेखी कळवावं. आणि ज्या ज्या महाविद्यालयीन संघांनी हाच कोड घेतला आहे त्या सर्वांना कंपनीने स्वतःहून कळवावं. या तिसऱ्या मागणीवर आम्ही सर्वात जास्त ठाम आहोत. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, नागपूर या भागांतून अनेक संघ या स्पर्धांना उतरतात आणि बरेच जण एकमेकांना विचारूनच सुटे भाग ठरवतात. आमच्या सांगण्यावरून हाच कोड निवडलेले संघही आहेत. त्यांना आम्ही आमच्या परीने कळवलं आहे, परंतु ते काम मुळात आपलं आहे. पुढच्या मोसमाच्या गाड्यांची जुळणी सुरू होण्याआधी ते व्हावं.

या पत्रापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा निर्णय संघाने मार्गदर्शक प्राध्यापकांच्या संमतीने घेतला आहे. हा माल आम्ही व्यापारासाठी घेतलेला नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून आमचा हक्क पूर्ण आहे.

वादातले पॅड आणि टायर जसेच्या तसे, लॉट क्रमांकाच्या चिठ्ठीसह कार्यशाळेत बंद करून ठेवले आहेत. आपल्या गुणवत्ता विभागाच्या अभियंत्याने येऊन ते पाहावेत, हवं तर आमच्यासमोर मोजमाप करावं. कार्यशाळा शनिवारीही उघडी असते. आदल्या दिवशी कळवल्यास गाडी जॅकवर घेऊन जुना आणि नवा दोन्ही जोड बसवून दाखवण्याची तयारी ठेवू.

आपली विश्वासू,
ब्रेक व चाक विभाग प्रमुख,
महाविद्यालयीन बाहा संघ, पुणे

सोबत: बिलाची व मागणीपत्राची प्रत, दोन्ही पॅडच्या कडेवरील अक्षरांचे व टायरवरील आकड्यांचे फोटो, डिस्कचे फोटो, ब्रेक टेस्टचे दोन व्हिडिओ, कडकपणा मोजणीची नोंद.