वखारीतल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून वाडगा, काठवट किंवा कुंकवाचा करंडा नेणारे लोक कातकामाचं, म्हणजे लेथच्या यंत्रावर लाकूड फिरवून घडवण्याचं, कौतुक करतात. ओंडका चिरला कोणी, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

लेथवरचा वाडगा तडकतो, त्याचं कारण बहुतेकदा करवतीवरच घडलेलं असतं. ओलं लाकूड वाळताना वर्षवलयांच्या कडेकडेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्याकडे आकसतं. मधला मऊ गाभा भांड्यात राहिला तर हा ताण तिथेच फुटतो. तुम्ही गाभ्यासकट दीड इंचाची फळी काढून टाकता आणि दोन्ही अर्ध्या फाका आम्हाला देता. ती फळी जळणात जाते, तरी तुम्ही कधी कुरकुर केली नाही. ओंडका वाडग्याच्या व्यासापेक्षा चार इंच लांब ठेवता, तेही फार मोलाचं. कापलेल्या तोंडांतून ओल बाजूंपेक्षा दहा-पंधरापट वेगाने निघते, त्यामुळे तडे तिथूनच सुरू होतात. त्याच दिवशी तोंडांना वितळलेलं मेण लावलं की बहुतेक काम भागतं. उरलेल्या बारीक चिरा त्या जादा लांबीत कापल्या जातात.

पुढचं आमच्याकडे. 10 इंची वाडग्याची भिंत पहिल्या फेरीत 1 इंच जाड ठेवतो, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा. मग भुशासकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवतो आणि दर आठवड्याला वजन करतो. आकडा हलायचा थांबला की लाकूड तयार. आंब्याला तीन-चार महिने, बाभळीला जास्त. तोवर वाडगा एका बाजूने अर्ध्या इंचाच्या आसपास आकसून लांबट झालेला असतो. भिंत सुरुवातीलाच पातळ केली, तर पुन्हा गोल करायला लाकूडच उरत नाही. शेवटी कच्चं जवसाचं तेल. शेंगतेल नको, ते वाळत नाही आणि खवट होतं.

खरे आभार मात्र खिळ्यांसाठी आहेत. अंगणातल्या झाडात वाळत घालायच्या दोरीचा, झोपाळ्याचा, पाटीचा खिळा हमखास असतो आणि कालांतराने साल त्याला गिळते. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून निळा-काळा डाग उमटतो, बाभळीत तर ठळकच. तो डाग दिसताच तुम्ही करवत थांबवता आणि लाल खडूने गोल करता. त्यामुळे आमची पटाशी वाचते, आणि कधी कधी डोळेही. आता गंमत अशी, की आम्ही तो डाग टाळून वाडगा काढायला निघालो की ज्यांच्या अंगणातलं झाड, ते घरचेच म्हणतात, "राहू द्या, आईच्या दोरीचा खिळा आहे तो." खिळा उपटून भोक लाकडाच्या भुकटीने भरतो, डाग तसाच ठेवतो. वाटणीत झाड गेलेल्या घरांना प्रत्येक भावंडाला एकेक वाडगा हवा असतो. तुम्ही ओंडक्यावर खडूने घराचं नाव आणि तारीख लिहिता, म्हणून एकाचा आंबा दुसऱ्याकडे जात नाही.

करंड्यासाठी एक सांगायचं राहिलं. झाकण आणि बूड एकाच तुकड्यातून, रेषा जुळवून काढावे लागतात, म्हणजे दोन्ही मिळून फुगतात. तरी मे महिन्यात घट्ट बसवलेलं झाकण जुलैत अडकतं, म्हणून थोडं सैलच बरं. तुम्ही फांद्यांचे सरळ तुकडे वेगळे ठेवता, ते याच कामी येतात.

पाटणहून फणसाचा ओंडका येतोय. तो 16 इंचांवर कापा, साल काढू नका, आणि तोंडांना मेण लागेपर्यंत उन्हात ठेवू नका. फळी यावेळी आम्हाला द्या. गाभा सोडून दोन्ही कडांतून चमचे निघतील.

आपले,
सांगलीतले कातकाम करणारे