काटोलची जीप आणि पाताळकोटची वाट

नागपूर,
रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्य प्रदेशातली, तामियाजवळची पाताळकोटची दरी, दोन गाड्या, चार माणसं, हे पक्कं धरतो. पण ३१ इंची टायर आणि पुढे विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) बसवायचा तुझा बेत मला पटलेला नाही. तो तू आत्ताच सोडावास, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझी महिंद्राची एमएम ५४० जीप काटोलच्या वाड्यात सहा वर्षं एका जागी उभी होती. धावून झिजलेल्या गाडीचं दुखणं कानाला कळतं. उभ्या-उभ्या खराब झालेली गाडी मात्र गप्प असते. रबर वाळून तडकतं, टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ बसतो, ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज धरतो, आणि हे सगळं घाटातल्या पहिल्या दोन तासांत एकदम बाहेर येतं. म्हणून टायर-विंचचे पैसे आधी रबरावर घाल.

टायरचं गणित सांगतो. तुझ्या गाडीचा ६.००-१६ टायर उंचीला जवळपास २९ इंच भरतो. ३१ इंची लावला की प्रत्येक गिअर साधारण सात टक्क्यांनी लांब होतो. म्हणजे चढावर तेवढा जोर कमी आणि उतारावर इंजिनाचा धाक कमी. ब्रेक तेच जुने, चाक मात्र मोठं, त्यामुळे थांबायलाही जास्त जागा लागते. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रुंद टायर कमानीच्या पाट्यांना घासतो. विंचचं वजन पुढच्या पाट्यांवर येतं आणि बॅटरी-डायनामोची कामं वाढतात ती वेगळीच. दोन गाड्या बरोबर असताना एकमेकींना ओढून काढण्याइतकं सामान पुरतं. मूळ मापाचेच टायर घे, फक्त नवे घे. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. तुझ्या गाडीवरच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण भिंतीला नखाएवढ्या भेगा पडल्या आहेत. तसला टायर दगडाच्या धारेवर थेट फुटतो.

आता गॅरेजचं काम. गाडी नागपूरजवळ वाडीला नेऊन ठेवली आहे. ट्रकवाल्यांमुळे तिथे कमानपाट्यांची माणसं चांगली आहेत. मिस्त्रीला क्रम लिहून दिला आहे, तो तुलाही माहीत असू दे.

सगळ्यात आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडरची किट नवी, रबरी होज पाइप नवे, जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट ३. सिलिंडरच्या आत नख अडकेल एवढा खड्डा असेल तर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदलायचा, कारण नवं रबर त्या खड्ड्यावर घासून आठवड्याभरात गळायला लागतं. त्यानंतर रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप. क्लिपजवळ दाबून बघायचे. आतून कुरकुर वाजलं की पाइप गेला. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडच्या मिस्त्र्यांना फार हौस. ती करू द्यायची नाही. इंजिन योग्य तापमानाला आलंच नाही तर डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

डिझेलची टाकी खाली उतरवून धुवायची. गाळ राहिला तर खडबडीत रस्त्यावर तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तासाभरात चोंदतो. दोन जादा फिल्टर बरोबर असू देत. चारही हीटर प्लग तपासून घे. तुझं प्यूजो इंजिन त्यांच्याशिवाय थंडीत उठत नाही आणि तामियाची डिसेंबरातली पहाट चांगलीच गार असते.

डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना एक नेम पाळायचा: आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच खालचा काढायचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं, तर गाडी तिथेच बसली. डिफरन्शियलमध्ये ईपी ९०, भोकातून ओघळेपर्यंत. हौसिंगवर जो छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची तोटी असते, त्याला नळी लावून ती वर उंच बांधायची. तापलेलं हौसिंग नाल्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ते पाणी ओढून घेतं. परत आल्यावर ऑइल दुधासारखं पांढुरकं निघालं तर समजायचं, पाणी शिरलं.

कमानपाट्यांत मला सगळ्यात जास्त काळजी सेंटर बोल्टची. पाटे एकत्र धरणारा आणि ॲक्सल जागेवर ठेवणारा तो एकच बोल्ट. यू-बोल्ट ढिले असले की सगळा धक्का त्याच्यावर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल इंच-दीड इंच मागे सरकतं. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली की थांबून तेच बघायचं. दोन सेंटर बोल्ट आणि एक यू-बोल्टचा जोड बरोबर घ्यायचा. नवे यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचेच. आणि वाटेतही, छिंदवाड्याच्या थोडं अलीकडे आपण चहाला थांबू, तेव्हा चहाच्या आधी पाना.

रस्ता असा: नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया. छिंदवाड्यापर्यंत साधारण १२५ किलोमीटर डांबर आहे. सौंसरच्या पट्ट्यात मराठी चालते, तेव्हा पांदणीची चौकशी करायला अडचण नाही. तुला पांदण रस्त्यांनी जायचं आहे, मलाही. पण तुझा हात सह्याद्रीतल्या कातळावर आणि जांभ्यावर बसलेला आहे, आणि इथली काळी माती अगदी वेगळी आहे.

कोरडी असताना तिच्यावरून काहीही जातं. एक जोरदार सर आली की ती फुगते आणि चिकटते. टायरच्या नक्षीत भरून बसते, नक्षी दिसेनाशी होते, चाक गुळगुळीत गोळा बनतं. मग तोच गोळा मडगार्डपर्यंत वाढत जाऊन चाकालाच अडवतो. चारही चाकांना जोर असला तरी तिथे उपयोग नाही. रुंद टायर तर जास्तच माती उचलतो. डिसेंबरात अवकाळी येतो, हे गृहीत धर. पाऊस झाला तर पांदण सोडायची आणि मुरमाचा रस्ता धरायचा, त्यावर चर्चा नको. दुसऱ्या सकाळी वरचा पापुद्रा सुकलेला दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. काठी खुपस. चार बोटं खाली लोण्यासारखं लागलं तर आणखी एक दिवस थांब.

पांदणीतल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या आपल्या चाकांच्या अंतराशी जुळत नाहीत. एक चाक चाकोरीत आणि एक वर, अशी गाडी कलते. त्यापेक्षा दोन्ही चाकं चाकोरीच्या कडेवर ठेवून हळू जायचं. आणि तूर-कापूस काढलेल्या शेतात गाडी घालायची नाही. पीक नसलं तरी तिरपे कापलेले खुंट टायरच्या भिंतीत सुऱ्यासारखे घुसतात. बाभळीच्या काट्याचं तर ठरलेलंच. तुझे टायर ट्यूबवाले, तेव्हा तो चिकट दोरा भरायचा संच कामाचा नाही. दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, दोन टायर लिव्हर आणि हवेचा पंप घे. काटा काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवून बघायचं, कारण मोडलेलं टोक आतच राहतं आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत फोडतं.

रेतीत हवा कमी करायची, पण ट्यूबवाल्या टायरला १८ पौंडांच्या खाली नको. त्याखाली टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून उपटतो. माझ्या जिप्सीला मी १६ पर्यंत नेईन. डांबरावर परतल्यावर लगेच हवा भरायची आणि पुढचे हब मोकळे करायचे. कोरड्या डांबरावर फोर व्हील ठेवलं तर वळणात पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो पीळ शाफ्टच्या क्रॉसवर येतो.

नदीच्या रेतीत आणखी एक बघायचं. पाणी आटलं की गावातल्या बायका रेतीत झिरा उकरून हंडे भरतात. हातभर खोल, काठावर एखादं उपडं टमरेल, तळाशी स्वच्छ पाणी. लांबून तो नुसता खड्डा दिसतो. त्याच्यावरून चाक गेलं तर एका वस्तीचं त्या दिवसाचं पाणी गढूळ होतं. रेतीत उतरण्याआधी एकाने पायी पुढे जायचंच, मग कितीही उशीर होवो.

फसलास तर पहिल्या सेकंदाला ॲक्सिलरेटर सोड. चाक फिरवत राहिलास तर गाडी ॲक्सलवर बसते. जॅक लाव, खाली १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकावर एक, फूट बाय फूट, नाहीतर जॅकच मातीत जातो. चाकाखाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या टाकायच्या, उभ्या नाही. त्या शेतकऱ्याला विचारून आणि मोल देऊन घ्यायच्या, त्याच्या घरचं ते सरपण आहे. ओढायला नऊ मीटरचा नायलॉनचा ताणणारा पट्टा, सहा ते आठ टनांचा, आणि शिक्का असलेले १६ मिलिमीटरचे शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या. शॅकल फक्त चासीला, बंपरला नाही. तुझ्या चासीची पुढची टोकं आधी हातोडीने वाजवून बघू. जिथे आवाज बसका येईल तिथे गंज आहे. ताणलेल्या पट्ट्यावर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तो तुटला तरी उसळी कमी, आणि माणसं पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर. ओढताना सिग्नल एकानेच द्यायचा.

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा धरते, तेव्हा घाबरू नकोस. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे सैल कर आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार येत असतानाच स्क्रू आवळ. मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला तसंच. तरी सुरू नाही झाली तर इंजेक्टरकडच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मार आणि डिझेल झिरपलं की एकेक आवळत जा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदच, नाहीतर बॅटरी संपेल. हात आणि डोळे पाइपाच्या तोंडापासून लांब, त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं.

पाण्यात उतरण्याआधी पायी चालून बघायचं. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर लो गिअरमध्ये दुसरा टाकून एकसारखं जायचं. पंख्याला पाणी लागेल असं वाटलं तर आधी फॅन बेल्ट काढ, नाहीतर पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. एअर क्लीनरमधून पाणी ओढलं गेलं तर पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो, आणि ते जंगलात दुरुस्त होत नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबत शंभर मीटर चाल, ड्रम सुकतात.

डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. कुसळं रेडिएटरच्या पापुद्र्यांत भरून गाडी तापते, म्हणून पुढे मच्छरदाणीची जाळी बांधायची. खाली सायलेन्सरवर साचलेलं गवत पेटतं, ते दर थांब्याला वाकून काढायचं. दोन किलोचं अग्निशामक प्रत्येक गाडीत, सीटखाली नाही, हाताशी.

इंधन परासियाला पूर्ण भरू. लो गिअरमध्ये नेहमीचं ॲव्हरेज निम्म्यावर येतं. जादा म्हणून २० लिटरचा लोखंडी डबा प्रत्येकी एक, भरताना जमिनीवर ठेवून. माझा पेट्रोलचा, तुझा डिझेलचा. तुझ्या डब्याला पिवळा रंग देऊन ठेवतो. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर.

पाताळकोटच्या दरीत बारा गावं आहेत, भारिया आणि गोंडांची. उतरणारी वाट त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे, तेव्हा खाली जायच्या आधी वर चौकशी करायची आणि माणूस दिसला की गाडी थांबवायची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. पेंचच्या बाजूला गाडी घेऊन रस्ता सोडायचा विचारही नको. आणि तुझ्या गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटून गेली. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का ते कागद काढून बघ. विमा आणि पीयूसी मूळ प्रती आण.

पुण्याहून तू फक्त एवढं आण: ब्रेकच्या किट, चार हीटर प्लग, दोन डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट दोन. बाकी सगळं इथे मिळतं. डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत ये, म्हणजे काटोल रोडवर शंभर किलोमीटर चालवून सगळं पुन्हा आवळता येईल. टायरचं काय ठरवलंस ते आधी कळव, दुकानदाराला सांगायचं आहे.

तुझा,
प्रमोद