प्लॉट काढण्याआधी

अंधेरी,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "अरे पण" म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे.

चिमीला हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय आणि त्यासाठी तू कराडचा प्लॉट विकायला काढतोयस. त्या अकॅडमीवाल्याने तुला फी सांगितली, लायसन्सचं सांगितलं. ते खरंच आहे. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, अठरा पूर्ण, डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे पेपर, रेडिओची परीक्षा आणि १५० तास उड्डाण. पोरगी हुशार आहे, दोन वर्षांत करेल. त्याच्या पुढचं तो बोलणार नाही, कारण त्याचं दुकान तिथे संपतं.

१५० तासवाल्याला आपल्याकडे कोणी दारात उभं करत नाही. कंपनी तास मागते, कंपनीचं गिऱ्हाईक त्याहून जास्त मागतं. आणि बाहेर बाकावर तुझ्या शेजारी बसलेला असतो लष्करातून निवृत्त झालेला माणूस, सियाचिनला सामान टाकून आलेला, तीन-चार हजार तासांचा. मी मालक असतो तर मीही त्यालाच घेतलं असतं. अमेरिकेत नवीन पोरं लायसन्स झालं की इन्स्ट्रक्टर होतात आणि दुसऱ्यांना शिकवता शिकवता हजार तास गाठतात. आपल्याकडे हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या शाळाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे ती शिडीच नाही. आणि "नाहीच जमलं तर एअरलाइनमध्ये जाईल" असं तू लिहिलंयस. विमानाचं लायसन्स वेगळं, बाबा. त्याचा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

मी २००८ च्या शेवटी अमेरिकेहून हेलिकॉप्टर शिकून परत आलो, तुला आठवत असेल, पेढे वाटले होते. त्यानंतर सव्वाचार वर्षं मी जुहूला एका हँगरमध्ये टेबलावर बसलो. फ्लाइट प्लॅन भरायचे, प्रवाशांची वजनं टिपायची, साहेबांची गाडी आली का बघायचं. लायसन्स जिवंत ठेवायला अधूनमधून उडावं लागतं आणि ते तास आपल्या खिशातून. बाबांनी पीएफमधले पैसे काढले ते तेव्हा. मी तुला "पोस्टिंगची वाट बघतोय" म्हणायचो ना, ती थाप होती. आई कोणी विचारलं की "मुंबईत असतो" एवढंच सांगायची.

नोकरी लागल्यावरचं सांगतो. आधी समुद्र. जुहूहून उडायचं, समुद्रातलं मुंबई हायचं तेलक्षेत्र साधारण १६० किलोमीटर, प्लॅटफॉर्मवरच्या डेकवर माणसं उतरवायची, दुसरी घ्यायची. दोन इंजिनं, दोन पायलट, शिस्त चोख. त्यासाठी एक ट्रेनिंग असतं: पाण्याच्या टाकीत केबिन उलटी करतात आणि डोकं खाली, नाकात पाणी अशा अवस्थेत खिडकी चाचपून बाहेर यायचं. चिमी कृष्णेत पोहलेली आहे, तिला जमेल.

मग केदारनाथ. देऊळ साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथली हवा इतकी विरळ की पंख्याला धरायला काही नसतं, म्हणून खाली फाटा नावाच्या गावातल्या हेलिपॅडवर प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात. एका आजींनी वजन कमी भरावं म्हणून पिशवी हळूच सुनेकडे सरकवली होती. सूनही त्याच फेरीत होती! उड्डाण काही मिनिटांचं, पण दिवसभर तेच, एक इंजिन, एकटा पायलट आणि दरी डोळ्यांना दिसेल तेवढीच. ढग खालून वर चढतो. खाली रांग उभी असते आणि मागे कोणीतरी म्हणत असतं, बाकीचे गेले की, तुम्हीच का थांबलात. १५ जून २०२५ ला पहाटे गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडलं, सात गेले. त्यात आपल्या यवतमाळकडच्या वणीचं एक कुटुंब होतं, कडेवरच्या लेकरासह. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दरी माझ्या पायाखालची होती रे.

निवडणुकीतलं उडणं वेगळंच. उतरायच्या जागेवर चुन्याने आखलेला एच, धुरळा, आणि सभा लांबली की माझं लक्ष भाषणाकडे नाही, सूर्याकडे.

मग मी टिकलो कशाला? डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूला नेणारा, पायाखाली नाक वळवायचं पेडल. एक हलवलं की बाकीची दोन सावरावी लागतात. परातीत गोटी ठेवून ती न घरंगळू देता सायकल चालवावी तसं. पहिले आठ-दहा तास यंत्र मला नाचवत होतं, आणि एका सकाळी ते जमिनीपासून चार फुटांवर नुसतं उभं राहिलं. हातांना कधी कळलं ते मला कळलंच नाही. त्या सकाळीचं काय करू, सांग. कंबर मात्र गेली, ती त्याच सीटवर.

तेव्हा चिमीला नाही म्हणू नकोस. फक्त शिकायला लागतील तेवढ्यावर थांबू नकोस, नंतरच्या चार वर्षांचे खायचे पैसेही बाजूला काढ आणि मगच प्लॉटचा हिशेब मांड. त्याच्याही आधी मेडिकल. क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यात किंवा कानात काही निघालं तर सगळं तिथेच थांबतं, आणि तोवर फीचा एक रुपयाही देऊ नकोस. पुढच्या शनिवारी तिला माझ्याकडे पाठव. हँगरमध्ये त्याच टेबलावर आता एक सत्तावीस वर्षांचा पोरगा बसतो. लायसन्स आहे. त्याच्याशी तिला तासभर बोलू दे, मी बाहेर चहा पीत बसेन.

तुझा,
पक्या