उल्हासनगरच्या आधीचा कॅम्पही कधीतरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

ऑगस्टमधे उल्हासनगरच्या वर्धापनदिनाच्या बातम्या येतात आणि दरवर्षी गोष्ट फाळणीपासूनच सुरू होते, सिंधी निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून नाव पडलं वगैरे. ते सगळं खरंच आहे हो, पण एवढी माणसं इथंच का आणली? तर इथं लष्कराच्या बॅरेक रिकाम्या पडल्या होत्या म्हणून, आणि तेवढंच नेमकं कोणी लिहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हा कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे ये-जा करणाऱ्या फौजेचा तळ, उभा केला, 6 हजार सैनिक आणि वर 30 हजार इतर माणसं राहतील एवढा, 2,126 बॅरेक होत्या म्हणे! जागाही बघा कशी, मुंबई बंदरातून रेल्वेनं थेट कल्याण जंक्शन, तिथून एक लाईन कसाऱ्यावरून नाशिककडे दुसरी कर्जतवरून पुण्याकडे, फौज कुठंही पाठवा, आणि पाण्याला नदी शेजारीच. बॅरेकमधे मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या असायच्या, सैनिकांना ते चालतं, पण पुढं त्याच हॉलमधे साड्या नि गोणपाटाचे पडदे लावून अख्खी कुटुंबं राहिली. उल्हासनगरच्या भागांना अजून कॅम्पच म्हणतात, माझ्या ओळखीतले एक काका कॅम्प 4 चे, त्यांच्या पत्त्यात अजून बॅरेक नंबर आहे, पण मूळ बॅरेक कशी होती ते नातवाला दाखवायची सोय नाही, बहुतेकांवर मजले चढले.

आणि हे फक्त सिंधी बांधवांपुरतं नाही. पलीकडे कल्याणजवळच्या नेवाळी गावातली विमानांची धावपट्टी त्याच युद्धातली, आपल्या इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन केलेली. युद्ध संपलं तरी जमीन परत नाही ही त्यांची तक्रार, जून 2017 मधे आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, तेव्हा आमच्या ठाण्यात लोक विचारत होते की नेवाळीत विमानतळ कधी झाला! शाळेत महायुद्ध शिकवतात ते हिटलर नि हिरोशिमाचं, आपल्या जिल्ह्यातलं नाही.

महापालिकेनं एखादी धड उरलेली बॅरेक राखावी, बाहेर मराठी आणि सिंधीत बोर्ड लावावा, फार खर्च नाही त्याला. आणि तुम्ही पेपरातून आवाहन करा, कल्याण, अंबरनाथ, नेवाळीकडच्या गावांत जुने फोटो, जमिनीचे कागद कुणाकडे असतील तर मागवून छापा, माझ्यासारखे बरेच जण वाचतील.

– एक वाचक, ठाणे